दर्यातल्या माणसाची नोंद

मी आजोळी वाढलो. दाभोळच्या खाडीकाठचं गाव. आजोळी दर जुम्मेरातीला संध्याकाळी फातिहा असे. ऊद जळे, ताटात थोडी खीर किंवा नुसतेच बत्तासे असत आणि नाना घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकामागून एक घेत. क्रम ठरलेला होता. आधी नानांचे वडील, मग आई, मग नानीचे वडील, मग नानीची आई. आम्हा पोरांचं लक्ष खिरीकडे असलं तरी ऐकून ऐकून ती यादी आम्हाला पाठ झाली होती.

त्या यादीत एक नाव नव्हतं. नानीच्या धाकट्या भावाचं. आई त्याला मामू म्हणे, म्हणून आम्हीही मामूच म्हणायचो. तो लढाईच्या काळात जहाजावर गेला आणि परत आला नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण फातिह्यात त्याचं नाव घ्यायचं नाही, हा नानीचा हुकूम होता. एकदा पाहुण्या मौलवीसाहेबांनी न राहवून विचारलं, तेव्हा नानी पडद्याआडून म्हणाली, "तो मेला नाय. दर्यात हाय."

मला तेव्हा ते वेडेपण वाटे. पुढे कळत्या वयात जाणवलं की ज्याचा देह सापडत नाही त्याच्या माणसांपुढे फार अवघड प्रश्न उभा राहतो. त्याला मेलेला कधी म्हणायचं? कुणी म्हणायचं? आणि तसं म्हणेपर्यंत मागे राहिलेल्यांनी काय करायचं? आज मी या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. मामूची गोष्ट त्यात येईल, पण ती एकट्या मामूची नाही.

कोकणातला माणूस आणि जहाज यांचं नातं जुनं आहे. आमच्याकडची आडनावंच पाहा. सारंग, तांडेल, नाखवा, नाखुदा. ही सगळी जहाजावरच्या हुद्द्यांची नावं. शिडाची गलबतं गेली, आगबोटी आल्या, तरी हुद्दे तेच राहिले. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तांडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी चाकावर, कसाब सामानाच्या कोठीवर, भंडारी चुलीवर. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर जेवढे लोक कामाला होते, त्यांतले सुमारे पाव हिंदुस्थानी होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर डेकवर बहुधा कोकणचे, काठेवाडचे आणि मलबारचे लोक, खाली इंजिनात भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी असे. एका जहाजात अर्धा देश मावलेला असायचा.

पगार मात्र त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या चौथा-पाचवा हिस्सा. १९३९ च्या सप्टेंबरात लढाई जाहीर झाली तेव्हा हिंदुस्थानी खलाशांनी इंग्लंडच्या, दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत जहाजावर चढायला नकार दिला. मरण सगळ्यांना सारखं, मग दाम वेगळे का, हा त्यांचा साधा सवाल होता. काही तुरुंगात गेले. पण पगार वाढला, लढाईचा भत्ताही मिळाला. तरी तो गोऱ्यांच्या बरोबरीचा झाला नाही.

मामू १९४२ साली जहाजावर गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लग्नाला आठ महिने झाले होते. गावचेच एक सारंग मुंबईला माणसं घेऊन जात, त्यांच्याबरोबर तो गेला. गावच्या जमातीची मुंबईत खोली होती. जहाज मिळेपर्यंत तिथं पथारी टाकायची, कुणाच्या तरी ताटात जेवायचं आणि पहिल्या पगारातून हिशेब चुकता करायचा, अशी रीत होती. त्या खोलीतून त्याचं एक पत्र आलं, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं. आफ्रिकेच्या बोटीवर काम मिळालंय, येताना लवंग आणीन, असं त्यात होतं म्हणे. त्यानंतर काही नाही.

तो कुठल्या जहाजावर होता, हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. याला कारण होतं. लढाईत जहाजांच्या नावांवर, वेळांवर आणि मार्गांवर सेन्सॉरची नजर असे. कुठलं जहाज कधी सुटलं, कुठं बुडालं, हे छापायला मनाई होती. शत्रूच्या पाणबुड्यांना सुगावा लागू नये म्हणून हे होत असे. पण त्यामुळे खेड्यातल्या आईबापांनाही पत्ता लागत नसे. बातमी आली ती महिन्यांनंतर, एका छापील इंग्रजी पत्रानं. गावातल्या मास्तरांनी ते वाचून अर्थ सांगितला : बेपत्ता, बुडून मृत्यू पावल्याचं मानण्यात येतं. मास्तरांनी जहाजाचं नावही वाचलं असणार, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ध्यानात राहिला तो 'मानण्यात येतं' हा एकच शब्द. नानीचे वडील म्हणाले, "ते मानतात. आम्ही नाही मानत." पत्र ट्रंकेत गेलं आणि पुढे वाळवीनं खाल्लं.

त्या काळी आफ्रिकेच्या बोटीचं काय होत असे, याची एक नोंद मात्र स्वच्छ उपलब्ध आहे. 'तिलावा' नावाची आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून निघाली. मोम्बासा, मापुटो आणि दरबान हा तिचा रस्ता. तिच्यावर ९५८ माणसं होती. बहुतेक उतारू हिंदुस्थानी, आफ्रिकेत पोटापाण्याला जाणारे किंवा तिथल्या नातलगांकडे परतणारे. २३ तारखेला पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला शेकडो मैल दूर, जपानच्या 'आय-२९' या पाणबुडीचा टॉर्पेडो तिच्यावर आदळला. लोक होड्यांत उतरले. जहाज लगेच बुडेना, म्हणून काही जण पुन्हा त्यावर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. दोन दिवसांनी, २५ तारखेला, 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश युद्धनौका तिथं पोचली. ६७८ माणसं वाचली, २८० गेली.

हीच 'आय-२९' पाणबुडी पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीला भेटली. जर्मन पाणबुडीतून रबरी होडीनं एक प्रवासी तिच्यावर आले आणि तिनं त्यांना सुमात्राच्या किनाऱ्यावर सुखरूप पोचवलं. ते प्रवासी म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस. ही हकिकत शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचली आहे. त्याच पाणबुडीनं आदल्या नोव्हेंबरात काय केलं होतं, ते मी पन्नाशी उलटल्यावर वाचलं. मी त्या रात्री जेवलो नाही, एवढंच सांगतो. कुणाला दोष द्यायचा, ते मला ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

मामू 'तिलावा'वर होता, असं मी म्हणत नाही. माझ्यापाशी कागद नाही. साल जुळतं, आफ्रिका जुळते, बस्स. पण 'तिलावा'ची पुढची हकिकत आपल्या विषयाशी जुळते, म्हणून सांगतो. मुंबईत या बोटीवर चांदीच्या २,३६४ विटाही चढवल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं ती चांदी मुख्यतः नाणी पाडण्यासाठी विकत घेतली होती. ती जहाजाबरोबर सुमारे अडीच किलोमीटर खोल गेली. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका खासगी मोहिमेनं ती वर काढली आणि इंग्लंडला नेली. मग तिच्यावर मालकी कुणाची, वर काढणाऱ्याला मोबदला मिळावा की नाही, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये तिथं निकाल लागला. पंचाहत्तर वर्षं पाण्याखाली राहूनही विटांचा आकडा चुकला नव्हता, कारण त्यांची मोजून नोंद होती. मला कुणाच्या चांदीचा हेवा नाही. मुद्दा नोंदीचा आहे.

माणसांची नोंद कशी झाली, ते आता पाहू. लंडनमध्ये टॉवर हिल इथं व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं मोठं स्मारक आहे. दोन्ही महायुद्धांत ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही, अशा सुमारे ३६ हजार जणांची नावं तिथं जहाजवार कोरली आहेत. एका जहाजाचे लोक एका ठिकाणी, जसे ते होते तसे. पण बहुतांश हिंदुस्थानी खलाशी तिथं नाहीत. त्यांची नोंद वेगळी झाली. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत, मस्जिद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांसाठी पुस्तकं केली गेली. एक मुंबईला आणि तेच दुसरं चितगावला, कारण खलाशांची मोठी भरती पूर्व बंगालमधूनही होत असे. आपल्यातल्या किती जणांना ही नावं ठाऊक आहेत? १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट कोकणात अजून सगळ्यांना आठवते. ती किनाऱ्याजवळ बुडाली, प्रेतं किनाऱ्याला लागली, घरोघर रडारड झाली. लढाईतले खलाशी एकेकटे गेले आणि फार लांब गेले. त्यांच्यासाठी कुठलंही गाव एका दिवशी मिळून रडलं नाही.

देह नसेल तर काय करायचं, याचा विचार मात्र आपल्या सगळ्या परंपरांनी केलेला आहे. हिंदूंमध्ये पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचा, देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गोव्याचे ख्रिस्ती मृतासाठी मिस्सा सांगतात, त्याला देह समोर असावा लागत नाही. आमच्यात गायबाना जनाजा आहे, म्हणजे मय्यत समोर नसताना पढलेली जनाज्याची नमाज. ती पढावी की नाही, यावर मतभेद आहेत. हनफी पंथात ती मान्य नाही, शाफई पंथात आहे. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शिवाय बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे, असं हदीसमध्ये आलेलं आहे. म्हणजे धर्मानं वाट अडवली नव्हती. मामूसाठी नमाज पढता आली असती. नानीच्या वडिलांनी पढू दिली नाही. नमाज पढली म्हणजे पोरगा गेला हे कबूल केलं, असं ते म्हणत.

कायद्यानंही याचा विचार केला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक कलम होतं. एखाद्याची खबर ज्यांना साहजिकपणे लागायला हवी, त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे शाबीत करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. मुसलमान स्त्रीसाठी तर आणखी एक दार होतं. १९३९ च्या मार्चमध्ये, लढाई सुरू होण्याच्या सहा महिने आधी, मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टाकडून विवाह रद्द करून घेता येतो. हा चार वर्षांचा विचार मालिकी पंथातून घेतलेला आहे. कायदा करणाऱ्यांनी दर्याकडेही पाहिलं असावं, कारण असा हुकूम सहा महिने अमलात येत नाही. त्या मुदतीत नवरा परत आला आणि संसार करायला तयार असल्याचं त्यानं कोर्टाला पटवून दिलं, तर कोर्ट हुकूम रद्द करतं. आशेलाही कायद्यानं सहा महिने दिले आहेत. पण त्यापुढे नाही.

हे सगळं मी एवढ्या बारकाईनं का सांगतोय? कारण मामूच्या मागे एक माणूस होतं, ज्याचा आमच्या घरात कुणी विचार केला नाही. मामी. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. मामू मेला नाही असं घरानं ठरवलं, म्हणजे मामी विधवा नाही असंही ठरलं. विधवा नाही म्हणजे इद्दत नाही, आणि इद्दत नाही म्हणजे दुसरं लग्नही नाही. १९३९ चा कायदा तिला कुणी सांगितला नाही. गावात तो कुणाला ठाऊक होता की नाही, कोण जाणे. ती सासरी पाणी भरत राहिली, भात कांडत राहिली. १९४८ साली नानीचे वडील वारले. १९५० मध्ये जमातीनं निर्णय घेतला. गायबाना जनाजा झाला, मामीनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळली आणि दुसऱ्या वर्षी तिच्या भावांनी खाडीपलीकडच्या गावी तिचं लग्न लावून दिलं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

नानीनं हे कधी माफ केलं नाही. "भाव दर्यात असताना हिनं दुसरं घर केलं," असं ती म्हणायची. जमातीनं नमाज पढली तरी तिनं आपल्या घरच्या फातिह्यात नाव येऊ दिलं नाही. मामीचं नावही घरात निघत नसे.

नानी १९९३ साली गेली. मी नुकताच बी. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो आणि बऱ्यावाईट कविता लिहू लागलो होतो. तिसऱ्या दिवशी जियारतीला खाडीपलीकडून एक वृद्ध बाई तरीतून आल्या. आईनं त्यांना ओळखलं आणि ती गळ्यात पडून रडली. ती मामी. संध्याकाळी भरती येईपर्यंत तरी सुटणार नव्हती, म्हणून ती पडवीत बसली. मी चहा घेऊन गेलो आणि कवी होण्याच्या खुळात विचारलं, "मामूची आठवण येते का?"

ती म्हणाली, "अरे बाबा, तोंड नाय आठवत. फोटो कुठं होता तेव्हा? हात आठवतात." मग थोड्या वेळानं सांगितलं, "आमच्यात दर जुम्मेरातीला त्याचं नाव घेतात. माझा मालक घ्यायचा. तो गेल्यावर पोरगा घेतो."

मी गप्प झालो. तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं आपल्या घरच्या फातिह्यात तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव घेतलं होतं, आणि जिथं त्याचा जन्म झाला त्या घरात ते घ्यायला मनाई होती. विसरली म्हणून जिला आम्ही बोल लावला, तिनंच त्याची नोंद ठेवली होती. मी मामीला त्या दिवशी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. धीर झाला नाही. ती २००१ साली गेली.

नानी चुकली असं म्हणताना मला तिचा रागही येत नाही. देह पाहिल्याशिवाय मन कबूल होत नाही, हे जगभर आहे. पण आशा धरणाऱ्यानं तिची किंमत दुसऱ्याच्या आयुष्यातून वसूल करू नये. आमच्या घरानं ती एका सतरा वर्षांच्या मुलीकडून आठ-नऊ वर्षं वसूल केली. म्हणून धर्मानं आणि कायद्यानं घातलेल्या मुदती मला आता कोरड्या वाटत नाहीत. त्या मेलेल्यासाठी नसतात, मागे राहिलेल्यासाठी असतात.

मुंबईच्या त्या पुस्तकातली नावं आता इंटरनेटवर पाहता येतात. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा राष्ट्रकुलाचा एक आयोग आहे, त्यानं ती यादी सगळ्यांना खुली केली आहे. भाच्याला शेजारी बसवून मी मामूचं नाव शोधलं. ते आमच्यात घरोघर असणारं नाव आहे. इंग्रज कारकुनानं कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं, म्हणून आम्ही निरनिराळ्या स्पेलिंगनं पाहिलं. एक नाही, कितीतरी निघाले. काहींच्या पुढे बापाचं नाव, गाव. पुष्कळांच्या पुढे काहीच नाही, नुसती तारीख. भाचा म्हणाला, "यातला आपला कोणता?" मला सांगता आलं नाही. बापाचं नाव कुणी लिहून घेतलं असतं, जहाजाचं नाव कुणी ध्यानात ठेवलं असतं, तर सांगता आलं असतं.

म्हणून ऐकणाऱ्यांना एक विनंती आहे. दाभोळपासून मालवणपर्यंत, तसंच गोव्यात, मुंबईच्या जुन्या चाळींत, अशा घरांतल्या ट्रंका अजून असतील. खलाशाचं जुनं पुस्तक, एखादं बिल्ल्यासारखं पदक, परदेशी शिक्का असलेलं पाकीट. ते रद्दीत घालू नका. माणसाचं पुरतं नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, साल, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आजच विचारा. आणि ज्या बायका मागे राहिल्या, त्यांचीही नावं त्याच कागदावर लिहा.

आजोळचं घर आता मामेभावाकडे आहे. गेल्या जुम्मेरातीला मी तिथं होतो. यादी मीच घेतली. नानांचे वडील, त्यांची आई, नानीचे वडील, नानीची आई, मग नाना, मग नानी. त्यानंतर मी मामूचं नाव घेतलं आणि भाच्याबरोबर पाहिलेली ती सगळी एकसारखी नावं आठवून 'या नावाचे जे जे दर्यात आहेत ते' असंही म्हणालो. शेवटी मामीचं घेतलं. मामेभावानं माझ्याकडे पाहिलं, पण तो काही बोलला नाही. वहिनीनं खीर वाढली.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)